मागच्या सीटवरची झोप

सावकाशराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते ठेवलं डेपोने. चौदा नंबरच्या बसवर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर असलेला हा माणूस, कोणी धावत येऊन पायरीवर उडी मारली की म्हणणार "सावकाश". म्हातारी उतरायला लागली की "सावकाश". मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कान किटवायला लागला की खिडकीतून हात काढून त्यालासुद्धा तेच. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा नाही. डेपोतले नवे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकायचे आणि शिकून झाल्यावर त्यांची नक्कल करायचे, दोन्ही अगदी मनापासून.

तर अशा माणसाची झोप उडाली. आणि उडाली म्हणजे काय, पार उडाली!

त्याचं असं झालं. आठ महिन्यांपूर्वी डेपोतल्या एका ड्रायव्हरला भर दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि बस जाऊन भिंतीला भिडली. बस रिकामी होती, ड्रायव्हरच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. पण सावकाशरावांनी ती बस पाहिली, तिचं चेपलेलं तोंड पाहिलं. आपल्याला असं झालं तर? पाठीमागे साठ माणसं बसलेली असताना? त्या दिवशी ते घरी आले, रोजच्यापेक्षा तासभर आधी अंथरुणावर पडले आणि मनाशी म्हणाले, आज झोपायचंच. अगदी नीट झोपायचं. झालं, तिथेच माशी शिंकली. अहो, झोप मांजरासारखी असते. हाका मारत मागे लागलात तर ती कपाटाखाली जाऊन बसते.

पहिली रात्र गेली, दुसरी गेली. पाठ टेकली की घोरायला लागणारा हा माणूस आता टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत बसू लागला. जितकी झोप कमी, तितकी भीती जास्त, आणि जितकी भीती जास्त, तितकी झोप आणखी लांब. पहाटे कधीतरी तासदीड तास डोळा लागायचा, तेवढ्यात गजर व्हायचा.

त्यात डेपोने नवा नियम काढला. दर वर्षी प्रत्येक ड्रायव्हरची दिव्याची चाचणी. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचं, समोर लाल दिवा लागला की पायाखालचा ब्रेक दाबायचा. असे तीस दिवे. दोनांपेक्षा जास्त दिव्यांना पाय उशिरा पडला की नापास. सावकाशरावांचा पाय पाच वेळा उशिरा पडला. अठ्ठावीस वर्षांत एक ओरखडा न काढलेला माणूस, पण मशीनला काय त्याचं? साहेब चांगला होता, त्याने एक महिन्याने पुन्हा यायला सांगितलं. तेव्हाही नापास झाले तर मात्र स्टिअरिंग सुटणार. मग निवृत्तीपर्यंत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं, लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावत.

"छत्र्या," सावकाशराव घरी येऊन म्हणाले. "मी छत्र्या सांभाळायच्या."

त्यांची बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. आसपासच्या चार गल्ल्यांत तिला टेलरबाई म्हणत. तिने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक महिना आहे ना? मग रडताय काय आत्तापासून?" पण त्यांची पाठ वळल्यावर तिने त्याच गणवेशाची बाही उलटी जोडली, आणि हे तिच्या हातून बारा वर्षांत पहिल्यांदा झालं.

बातमी डेपोत पसरली मात्र, सल्ल्यांचा नुसता पाऊस. फुकट सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं? एकाने गरम दूध सांगितलं, दुसऱ्याने गरम पाण्यात पाय सोडायला सांगितले. तिसरा म्हणाला, उशी बदला. उशी बदलली, तर मानही अवघडली. एका कंडक्टरने शपथेवर सांगितलं की त्याचा मेहुणा डाव्या कुशीवर झोपून बरा झाला. सावकाशराव डाव्या कुशीवर झोपले आणि रात्रभर उजव्या कुशीची आठवण काढत राहिले. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

यात सगळ्यात भारी सल्ला वर्कशॉपमधल्या हेडमिस्त्रीचा. हा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा, त्यामुळे माणसांच्या रोगांतही आपल्याला गती आहे असा त्याचा समज होता. तो म्हणाला, "हे बघा, मेंढ्या मोजतात ना लोक, ते बरोबर आहे. पण तुम्ही कधी मेंढ्या पाळल्यात? आपल्या ओळखीचं काहीतरी मोजायचं. डोक्याला जे पाठ आहे ते."

सावकाशरावांना हे इतकं पटलं की विचारू नका. पाठ म्हणजे काय, चौदा नंबरचा रूट त्यांना झोपेतही सांगता आला असता, फक्त झोप हवी होती. डेपो, बाजार, कोर्ट, हॉस्पिटल, मुलींची शाळा, पाण्याची टाकी, असं करत करत नदीकाठापर्यंत सत्तावीस स्टॉप. त्या रात्रीपासून ते दिवा मालवून रूट म्हणायला लागले. जाऊन सत्तावीस, येऊन सत्तावीस. काही रात्री सहा फेऱ्या व्हायच्या. झोपेचा पत्ता नाही, पण औषध चालू आहे म्हणून ते नेटाने म्हणत राहिले. सकाळी उठले की अंग असं ठणकायचं, जसं काही दोन पाळ्या लागोपाठ केल्यात.

दहा दिवस असे गेल्यावर टेलरबाईने मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, "चला, डेपोच्या डॉक्टरबाईंकडे. मी पण येते."

"तू कशाला? दुखणं माझं आहे."

"येते म्हटलं ना."

डॉक्टरबाईंची खोली डेपोच्या पहिल्या मजल्यावर, खाली बस धुतात त्याच्या बरोबर वर. बाई वयाने लहान, पण बोलायला खणखणीत. त्यांनी आधी चहाचं विचारलं. दिवसातून किती कप? सावकाशराव म्हणाले, सात. शेवटचा किती वाजता? रात्री जेवण झाल्यावर, जाग राहावी म्हणून. म्हणजे? म्हणजे जेवण झालं की लगेच डुलकी येते ना, तेव्हा झोपलं तर रात्रीची मोडेल, म्हणून. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि टेलरबाईकडे पाहिलं. टेलरबाईने मान हलवली. तिचं म्हणणं एवढंच की हे मी सांगून थकले.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि अंथरुणावर पडल्यावर काय करता? काय विचार येतात डोक्यात?"

"विचार मुळीच नाही," सावकाशराव जरा अभिमानानेच म्हणाले. "मी रूट म्हणतो. चौदा नंबर."

"आणि ब्रेक मारतात," टेलरबाई म्हणाली.

"कोण ब्रेक मारतं?"

"तुम्ही. प्रत्येक स्टॉपला. माझ्या नडगीवर." तिने साडी घोट्याच्या वर जराशी उचलली. पायावर निळा डाग होता. "कोर्टापाशी हळू मारतात. हॉस्पिटलच्या उतारावर जोरात. पाण्याच्या टाकीला मी पाय आधीच बाजूला घेते."

खाली पाण्याचा पाइप बसवर तडतडत होता. मग डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "थांबा. थांबा हं. तुम्ही रूट म्हणता तेव्हा बघता काय?"

"काय बघणार? समोरचा रस्ता. मग डावा आरसा. मग दाराचा आरसा, सगळे चढले की नाही. मग उजवीकडे बघून..."

"म्हणजे तुम्ही बस चालवता!"

सावकाशरावांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"अहो, रात्रभर बस चालवता तुम्ही," डॉक्टरबाई टेबलावर हात आपटत म्हणाल्या. "सहा-सहा फेऱ्या. अठ्ठावीस वर्षं तुम्हाला पगार कशाचा मिळतोय? चौदा नंबरवर झोप न येऊ देण्याचा. तुमच्या पायाला, डोळ्याला, सगळ्या अंगाला एकच गोष्ट पक्की शिकवलेली आहे, की हा रूट चालू असताना झोपायचं नाही. आणि तुम्ही झोप यावी म्हणून तोच रूट चालू करता?"

टेलरबाईला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, खांदे गदगदायला लागले, आणि मग सावकाशरावही हसले, मग डॉक्टरबाई. आठ महिन्यांत ते घराबाहेर पहिल्यांदा हसले असतील. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते काही सगळंच हसण्याचं नव्हतं. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, डोक्यात काहीतरी तुटलंय, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि निघालं काय, तर माणूस कामावर होता!

डॉक्टरबाईंनी मग बाकीचंही सुनावलं, आणि चांगलं सुनावलं. दुपारी दोननंतर चहाचा थेंब नाही. खोलीतलं घड्याळ बाहेर, कारण किती वाजले हे कळून आजवर कोणाला झोप लागलेली नाही. बराच वेळ पडून डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत राहायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं आणि डोळे जड झाले की मगच परत जायचं. नाहीतर अंथरूण म्हणजे जागायची जागा, हे अंगाला पाठ होतं, रूट पाठ झाला तसंच. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. "आणि झोपायचा प्रयत्न करायचा नाही," त्या म्हणाल्या. "पडायचं आणि आराम करायचा. आली तर आली."

"आणि रूट?" सावकाशरावांनी विचारलं. त्यांचा जीव अडकला होता तो त्याच्यात.

"रूट म्हणायचाच असेल तर म्हणा. पण मागच्या सीटवर बसून. प्रवासी व्हा."

ऐकायला किती सोपं! पण घरी येऊन बघतात तर मोठीच पंचाईत. मागच्या सीटवर बसायचं, तर पुढे चालवणार कोण? त्यांनी मनात एकाला बसवलं, तो क्लचवरून पाय काढेना. त्याला उतरवून दुसरा बसवला, तो हॉस्पिटलच्या उतारावर असा सुटला की सावकाशराव अंथरुणात ताडकन उठून बसले. तिसऱ्याने आरसाच बघितला नाही. तिसऱ्या रात्री टेलरबाईने अंधारात विचारलं, "आता कोण आहे?"

"ट्रेनिंगमधला तो उंच. गिअर ओरबाडतो."

"तुम्हाला कोणाचीच बस पसंत पडणार नाही," ती म्हणाली. "उद्या सुट्टी आहे ना तुमची? उद्या खरी बस पकडू."

सावकाशरावांनी तिला हसून उडवून लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता मुकाट्याने बूट घातले.

चौदा नंबरवर त्या दिवशी धाकटी होती. धाकटी म्हणजे डेपोतली सगळ्यात नवी ड्रायव्हर, सावकाशरावांच्याच हाताखाली शिकलेली. तीन महिने त्यांनी तिला शिकवलं आणि त्या तीन महिन्यांत एकदाही "छान" म्हटलं नाही. बरं चाललंय, एवढंच म्हणायचे, तेही खिडकीबाहेर बघत. त्यांना प्रवाशांच्या रांगेत उभं पाहून पोरीचा चेहराच उतरला.

"काका, तपासणी आहे का माझी?"

"तपासणीबिपासणी काही नाही," टेलरबाई म्हणाली. "हे आज ओझं आहेत. तू गाडी चालव."

सावकाशराव सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला निघाले, तर बायकोने बाहीला धरून त्यांना शेवटच्या रांगेत नेलं, खिडकीशी बसवलं आणि आपण बाजूला बसली, वाट अडवून. बाजार आला. त्यांचा पाय समोरच्या सीटच्या दांडीवर पडला. कोर्ट आलं, पुन्हा पडला. "वळणावर जरा लवकर..." ते पुटपुटले. बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. हॉस्पिटलच्या उतारावर त्यांनी डोळे गच्च मिटले, आता काय होतंय ते होवो म्हणून, आणि बस अशी अलगद उतरली की पुढच्या म्हातारीच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. सावकाशरावांनी डोळे उघडले. पोरगी दोन्ही आरसे बघत होती. एक शाळकरी मुलगी धावत येत होती, तिच्यासाठी बस थांबली, आणि पुढून आवाज आला, "सावकाश."

सगळी बस नाही हसली, पण सावकाशराव हसले. पाठ सीटला टेकली, खांदे खाली आले. मुलींची शाळा गेली. पाण्याची टाकी येत होती आणि ती आली तर येऊ दे, आपल्याला थोडीच थांबवायची आहे? असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

"काका. ओ काका. शेवटचा स्टॉप."

त्यांनी डोळे उघडले तर समोर नदी. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा नदीकडे पाहिलं. "पुलाखालचं काम चालू आहे, ते वळण?"

"गेलं ना कधीच."

"आणि मी?"

"घोरत होतात," टेलरबाई म्हणाली.

सावकाशराव उठून उभे राहिले. ज्या वळणावर ते स्वतःसुद्धा श्वास रोखून बस काढायचे, त्या वळणावर ते झोपले होते! दुसऱ्याच्या हातातल्या बसमध्ये, भर दिवसा, वीस स्टॉप! त्यांना नाचावंसं वाटलं आणि बसच्या मधल्या वाटेत जेवढं नाचता येतं तेवढं ते नाचलेही, म्हणजे दोनदा उड्या मारल्या. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान चालवतेस गं तू. फार छान." तिने वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाली, "परतीला चार मिनिटं आहेत."

परतीला मात्र बायकोने त्यांना जागं ठेवलं. दिवसाची झोप पुरे, ही रात्रीच्या वाट्याची आहे, असा डॉक्टरबाईंचा दाखला देऊन.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ती थाप होईल. पहिल्या दोन रात्री काही घडलं नाही. तिसऱ्या रात्री ते उठून बाहेरच्या खोलीत बसले आणि गणवेशाच्या बटणांचे रंग वेगळे करत राहिले. पण चौथ्या रात्री धाकटीने बस अलगद बाहेर काढली, ते मागे खिडकीशी बसले आणि मुलींच्या शाळेपुढचं त्यांना सांगता येईना. पाचव्या रात्री तर कोर्टसुद्धा आलं नाही. सकाळी ते स्वयंपाकघरात असे आले जसं काही त्यांना बढती मिळाली. "सहा तास! अगं, सलग सहा तास!"

चाचणीच्या दिवशी ते एकटेच गेले. टेलरबाईकडे शाळेची घाई होती, चाळीस गणवेश बाकी. अंधारी खोली, तीच खुर्ची, तोच ब्रेक. पहिला लाल दिवा लागला आणि पाय आपोआप गेला. दुसरा, तिसरा, दहावा. सावकाशरावांना पायाचा विचारच करावा लागला नाही. तिसांपैकी एकही उशीर नाही. साहेबाने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे तरुण पोरांनाही जमत नाही हो."

डेपोभर पेढ्यांची मागणी सुरू झाली, हेडमिस्त्री सगळ्यांना सांगत सुटला की मोजायला मीच सांगितलं होतं. फोन करा की घरी, असं चौघांनी म्हटलं. सावकाशराव ऐकेनात. ही बातमी फोनवर सांगायची? ती तिच्या तोंडावर सांगायची, तिचा चेहरा बघत. आधी मुद्दाम तोंड पाडून जायचं, छत्र्या म्हणायचं, आणि मग कागद पुढे करायचा. बसमध्ये त्यांनी ते नाटक मनात तीनदा करून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, ही बस जरा पळव ना बाई.

दार नुसतं लोटलेलं होतं. ते धाडकन ढकलून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

टेलरबाई मशीनवर झोपली होती. हात अर्धवट शिवलेल्या सदऱ्यावर, गाल हातावर, चष्मा एका कानाला लटकलेला. सुईत दोरा तसाच होता. दार आपटलं तरी ती हलली नाही.

सावकाशराव कागद हातात धरून उभे राहिले. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती आजची नव्हती, केव्हापासूनची होती कोण जाणे, त्यांना ती आज दिसली. कोर्टापाशी हळू, हॉस्पिटलच्या उतारावर जोरात, पाण्याच्या टाकीला पाय बाजूला. झोपलेल्या माणसाला हे कसं कळेल? आठ महिने बाई त्यांच्याबरोबर जागी होती, आणि रूट सुरू झाल्यावर जाऊन सत्तावीस, येऊन सत्तावीस, प्रत्येक फेरीला बरोबर होती. आणि त्यांनी एकदा, एकदासुद्धा विचारलं नव्हतं, तुला झोप लागते का गं? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते तिथेच जमिनीवर बसले.

त्यांनी चष्मा हळूच काढून घेतला. उशी आणून गालाखाली सरकवली. बातमी पोटात मावत नव्हती, नुसती उकळत होती, आणि सांगायला माणूस नाही. तेवढ्यात दारात कोणीतरी बाई मुलाचा गणवेश न्यायला आली. सावकाशराव तिला चवड्यांवर चालत बाहेर घेऊन गेले आणि कानाशी जाऊन म्हणाले, "मी पास झालो. तीसपैकी तीस."

"कशात?" बाईने घाबरून विचारलं.

"ते उद्या सांगतो. गणवेश पण उद्या. आज आवाज करायचा नाहीये."

अशी सहा गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली. साडेपाचला टेलरबाईने डोळे उघडले. समोर नवरा जमिनीवर, बूटसुद्धा न काढता.

"अहो, कधी आलात?"

"दोनला."

"दोनला? आणि मला उठवलं नाहीत?" ती दचकून उठायला लागली. "काय झालं चाचणीचं? अहो, बोला ना."

त्यांनी कागद पुढे केला. छत्र्या वगैरे काही म्हणालेच नाहीत. तिने चष्म्याशिवायच कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, मग पुन्हा वाचला, मग नवऱ्याकडे पाहून ती नुसती मान हलवत राहिली.

"आता सगळं सांगू का?" सावकाशराव म्हणाले. "पहिल्या दिव्यापासून?"

"सांगा ना, सगळं ऐकायचंय मला," ती म्हणाली. मशीनवरून उठली, पलंगापर्यंत गेली आणि आडवी झाली. "पण उद्या."

सावकाशराव बूट हातात घेऊन बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसून राहिले.